डूलॅली टॅप : देवळालीचा ताप

कल्याणहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढते, इगतपुरी मागे टाकते आणि नाशिकरोडच्या अलीकडे देवळालीला येते. या स्थानकाचे नाव इंग्रजी शब्दकोशांत शिरले आहे, तेही 'वेडसर' या अर्थाने. तो शब्द म्हणजे 'डूलॅली'.

मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता. 'डूलॅली' म्हणजे गोऱ्या शिपायांच्या जिभेवर वळलेली देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे ताप.

या तापाचे गोत्र मोठे आहे. संस्कृतात 'तप्' म्हणजे तापणे. फारसीत ज्वराला 'तब' किंवा 'तप' म्हणतात. क्षयासाठी हिंदुस्तानीत रुळलेला 'तपेदिक' त्यातूनच आला. लॅटिनमधील 'तेपिदुस', म्हणजे कोमट, हाही त्याच कुळातला, आणि त्यावरून इंग्रजीला 'टेपिड' मिळाला. शिपायांनी 'टॅप' उचलला तेव्हा त्याचा दूरचा भाऊबंद त्यांच्या भाषेत आधीच नांदत होता.

पण ताप देवळालीचाच का? हवेला दोष देण्याची रीत आहे. ती पटत नाही. देवळाली हवापालटासाठी नावाजलेली, तिथे आरोग्यधामे उभी राहिली. खरे कारण वेळापत्रकात दडले आहे. कसारा घाटातून १८६५ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि देवळाली थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी धाडण्यापूर्वी तिथल्या छावणीत ठेवत. सैन्यवाहू जहाजे मात्र साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, पुढे लढाई नाही, घरी जाण्याची तारीखही नाही. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत हे रिकामपण नोंदवले आहे : चांगल्या वर्तणुकीचे शिपाईही तिथे बिघडत, काही तुरुंगात जात.

म्हणजे हा ताप डासांचा किंवा उन्हाचा नव्हे, वाट पाहण्याचा. मराठीतही 'डोक्याला ताप' होण्यासाठी अंग तापावे लागत नाहीच.

पुढे 'टॅप' गळून पडला, 'डूलॅली' उरला. बीबीसीने १९७४ मध्ये देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही काढली. छावणी आजही लष्कराचीच आहे. तिथे भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण चालते.