सेकंडहँड मिनी पीसी घेताय? प्रोसेसरमधल्या ‘त्या’ त्रुटींबद्दल आधी हे वाचा

दहावी-बारावीनंतर घरात कॉम्प्युटर हवाच, पण बजेट कमी आणि टेबल लहान. पुलगावसारख्या गावात अनेक घरांची हीच गोष्ट. त्यावर सध्याचा लोकप्रिय उपाय म्हणजे मिनी पीसी. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, जाडजूड पुस्तकाएवढे डबे नागपूरच्या बाजारात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतात. काही जण सुटे पार्ट घेऊन स्वतःही जोडतात.

पण खरेदीआधी यूट्यूबवर पाहायला गेलात, तर ‘मेल्टडाउन’, ‘स्पेक्टर’, ‘डाउनफॉल’ अशी नावं कानावर पडतात. प्रोसेसरमध्येच त्रुटी आहे म्हणे! मग ज्या डब्यावर नेटबँकिंग करायचं, स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे, तो घ्यायचा की नाही?

नेमकी त्रुटी काय आहे?

3 जानेवारी 2018 ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोन त्रुटी जगासमोर आल्या. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो टीमने आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्या शोधल्या होत्या. मेल्टडाउनचा फटका मुख्यतः इंटेलला बसला. स्पेक्टरच्या कचाट्यात इंटेल, एएमडी आणि मोबाइलमधल्या एआरएम चिपही सापडल्या.

मूळ कारण आहे वेगाची घाई. आजचे प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतात. इंटेलने 1995 च्या पेंटियम प्रोपासून ही पद्धत वापरली.

हे चहाच्या टपरीवरून समजून घेऊ. रोजचं गिऱ्हाईक दुरून येताना दिसलं की टपरीवाले काका त्याचा बिनसाखरेचा चहा आधीच करून ठेवतात. एखाद दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, “आज नको.” काका तो कप बाजूला ठेवतात. बिल नाही, वहीत नोंद नाही. पण मागून आलेला एक चौकस माणूस एकेक चहा मागून बघतो. आल्याचा मागितला, वेळ लागला. मसाल्याचा मागितला, वेळ लागला. बिनसाखरेचा मागितला, आणि कप लगेच हातात! आधीचं गिऱ्हाईक काय पितं, हे कुणी न सांगता त्याला कळलं.

प्रोसेसरमध्ये हेच घडतं. अंदाज चुकला की काम रद्द होतं, पण त्यासाठी आणलेली माहिती ‘कॅश’ नावाच्या झटपट मेमरीत उरते. कुठली माहिती किती वेळात मिळते हे मोजून घुसखोर प्रोग्राम पासवर्डसारखी गुपितं ओळखू शकतो.

त्यानंतर काय झालं?

त्रुटी सापडणं थांबलं नाही. जुलै 2023 मध्ये एएमडीच्या ‘झेन 2’ चिपमध्ये झेनब्लीड सापडली. ऑगस्ट 2023 मध्ये इंटेलच्या 6 व्या ते 11 व्या पिढीतली डाउनफॉल जाहीर झाली. मार्च 2024 मध्ये इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या कोअरमध्येही एक त्रुटी निघाली. आजच्या अनेक स्वस्त नव्या मिनी पीसीत असलेली एन100 चिपही त्यात येते. थोडक्यात, ‘शंभर टक्के निर्दोष प्रोसेसर’ शोधत बसलात तर कॉम्प्युटर कधीच घेणार नाही.

रास्पबेरी पायची गोष्ट इथे मजेशीर आहे. पाय 3 पर्यंतचे बोर्ड मेल्टडाउन-स्पेक्टरपासून सुटले, कारण त्यांची साधी चिप असे अंदाज बांधून काम करतच नव्हती. पुढचे पाय 4 आणि पाय 5 वेगवान झाले आणि स्पेक्टरच्या यादीत आले.

यावर उपाय कसा होतो?

चिप घरी बदलून दुरुस्त होत नाही. म्हणून कंपन्या ‘मायक्रोकोड’ देतात. कॉम्प्युटर सुरू होताना चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या या नव्या सूचना असतात. त्या बायॉस अपडेटमधून किंवा विंडोज-लिनक्सच्या अपडेटमधून येतात. क्रोमसारख्या ब्राउझरनेही वेगवेगळ्या साइट एकमेकींपासून अलग ठेवायला सुरुवात केली.

याची किंमत वेगात मोजावी लागते. डाउनफॉलच्या दुरुस्तीने काही विशिष्ट कामांत वेग 50 टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं इंटेलनेच सांगितलं होतं. वर्ड, ब्राउझर, ऑनलाइन क्लास यांत सहसा फरक जाणवत नाही. त्यामुळे ‘ही सेटिंग बंद करा, स्पीड वाढवा’ असे व्हिडिओ पाहून संरक्षण काढून टाकू नका.

मग घरच्यासाठी धोका किती?

सर्वाधिक चिंता क्लाउड कंपन्यांना आहे, कारण तिथे एकाच प्रोसेसरवर अनेक अनोळखी ग्राहकांचं काम चालतं. घरच्या कॉम्प्युटरवर चोराला इतकी मेहनत घ्यायची गरज नसते. बनावट लिंक, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि ओटीपी मागणारा फोन यांतून त्याचं काम आधीच होतं.

खरा धोका आहे अपडेट बंद झालेल्या मशीनचा. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण 8 वी पिढी किंवा त्यापुढची चिप आणि टीपीएम 2.0 लागतं. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे डबे बहुतेकदा 6 व्या-7 व्या पिढीचे असतात. स्वस्त का, ते इथे कळतं.

घेताना काय तपासाल?

- पिढी: आय5-6500टी म्हणजे 6 वी, आय5-10500टी म्हणजे 10 वी. शक्यतो 8 वी किंवा पुढची घ्या. 12 व्या पिढीपासूनच्या चिपना डाउनफॉल लागू नाही.
- बायॉस: कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. मशीन घरी आल्यावर पहिलं काम हेच करा. मात्र लाइट जाण्याची भीती असेल तर यूपीएसशिवाय बायॉस अपडेट करू नका. ते अर्धवट राहिलं तर बोर्ड निकामी होऊ शकतो.
- जुना डबा असेल तर: लिनक्स टाका. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ आदेश दिला की प्रत्येक त्रुटीपुढे ‘नॉट अफेक्टेड’, ‘मिटिगेशन’ किंवा ‘व्हल्नरेबल’ असं लिहून येतं.
- डिस्क: आधीच्या मालकाचं विंडोज तसंच वापरू नका. सगळं पुसून नव्याने टाका.
- उष्णता: स्वतः जोडणार असाल तर मिनी-आयटीएक्स बोर्ड 17 बाय 17 सेंटीमीटरचा असतो. इतक्या छोट्या डब्यात 65 वॉटपेक्षा 35 वॉटची चिप बरी. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. डबा भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवलात तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कमी वॉटचा दुसरा फायदा म्हणजे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जास्त वेळ काम चालतं.

थोडक्यात

प्रोसेसरमध्ये त्रुटी आहे म्हणून मिनी पीसी टाळायची गरज नाही. दुकानदाराला रॅम आणि एसएसडीबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही आणखी एक प्रश्न विचारा, “याला अपडेट अजून किती वर्षं येणार?” उत्तर पटलं नाही, तर हजार-दोन हजार वाचवण्यासाठी तो डबा घेऊ नका.