थोरल्यांच्या बदली लेवी

इस्राएलींचा मूळपुरुष याकोब याच्या बारा मुलांत लेवी तिसरा. बहिणीच्या अब्रूसाठी त्यानं आणि त्याचा भाऊ शिमोनानं शखेम नगरातले सगळे पुरुष कापून काढले. मरताना बापानं दोघांच्या रागाला शाप दिला आणि त्यांची पांगापांग होईल असं बजावलं. झालंही तसंच. जमिनीच्या वाटणीत लेवीच्या वंशजांना, म्हणजे लेवींना, सलग मुलूख मिळाला नाही; इतरांच्या हद्दीतली ४८ गावं, भोवतीची कुरणं आणि लोकांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, एवढ्यावर त्यांनी देवाची चाकरी करायची होती.

या चाकरीचा हिशेब बायबलच्या ‘गणना’ पुस्तकात आहे. मिसरात थोरल्या मुलांवर आलेल्या मरणातून वाचलेला इस्राएलींचा प्रत्येक थोरला मुलगा देवाचा. त्यांच्या बदली देवानं लेवी मागितले. मोजणीत थोरले निघाले २२,२७३ आणि लेवी २२,०००. जास्तीच्या २७३ जणांचे माणशी पाच शेकेल भरले गेले, आणि ती १,३६५ शेकेल चांदी याजक अहरोन आणि त्याच्या मुलांच्या हाती पडली. गंमत अशी, की लेवींच्या गेर्षोनी, कहाथी आणि मरारी या तीन शाखांची बेरीज २२,३०० येते! तालमूद या ज्यू ग्रंथाचं उत्तर: वरचे ३०० स्वतःच थोरले होते, म्हणून ते दुसऱ्या थोरल्याला सोडवू शकत नव्हते. मला हे उत्तर पटत नाही, पण फार आवडतं.

याजक सगळे लेवी वंशातले, पण लेवी सगळे याजक नव्हेत. यज्ञ अहरोनाच्या घराण्यानं करायचा, बाकीच्यांनी ओझी वाहायची. निवासमंडपाच्या, म्हणजे फिरत्या मंदिराच्या, फळ्या-खांबांसाठी मरारींना चार गाड्या मिळाल्या, पडद्यांसाठी गेर्षोनींना दोन. कहाथींकडे कराराचा कोश होता, पण गाडी एकही नाही. खांद्यावरूनच न्यायचा, तोही याजकांनी झाकून दिल्यावर. हात लागला तर मरण.

यरुशलेमेत मंदिर उभं राहिल्यावर ओझी संपली. लेवी गायक झाले, द्वारपाल झाले. रात्रपाळी कडक होती. मशाली घेऊन अधिकारी फेरी मारी. झोपलेला लेवी सापडला तर काठीचा तडाखा बसे, त्याचे कपडे जाळायचीही मुभा होती, असं मिश्ना ही ज्यू नियमसंहिता सांगते.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं आणि ही कामं गेली. आता सभास्थानात तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला कोहेनमागून, म्हणजे अहरोनाच्या वंशातल्या याजकामागून, लेवीला बोलावतात. कोहेन आशीर्वाद द्यायला उठण्याआधी लेवी त्याच्या हातावर पाणी घालतो. थोरला मुलगा महिन्याचा झाला की पाच चांदीची नाणी देऊन त्याला कोहेनकडून सोडवायची रीतही टिकून आहे. बाप लेवी असेल तर नाणी द्यावी लागत नाहीत. आई लेवीची मुलगी असली तरी नाहीत.