एक पेपर, दोन नावं: ‘जनता’ कुठे शोधायचा?

हेडफोन लावलेत ना? आज मी बोलतोय बपेऱ्याहून. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. आमच्या पुढे मध्य प्रदेश सुरू होतो. ही सीमा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

गोष्ट सुरू होते आजोबांच्या पत्र्याच्या पेटीपासून. दिवाळीची साफसफाई करताना पेटीच्या तळाशी एक पिवळा पडलेला अंक सापडला. घडीवर फाटलेला, पण वरचं नाव स्पष्ट होतं: ‘जनता’. साल १९५४. आजीला दाखवला. ती म्हणाली, “बाबासाहेबांचा पेपर आहे तो. नीट ठेव.”

मी लगेच मोबाईलवर ‘जनता’ शोधलं. काय आलं? जनता पक्ष, जनता दल, जनता कर्फ्यू! पेपरचा पत्ताच नाही. बऱ्याच वेळाने माहिती सापडली, पण ‘प्रबुद्ध भारत’ या नावाखाली. तेव्हा प्रश्न पडला: नाव बदललेल्या वर्तमानपत्राची ज्ञानकोशात नोंद करायची तरी कशी? एक की दोन?

आधी इतिहास बघू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आलं. १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’. आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘जनता’चं नाव झालं ‘प्रबुद्ध भारत’.

आता नीट बघा. ही पाच नावं आपण एका दमात घेतो, पण प्रकार दोन आहेत. ‘मूकनायक’ बंद पडलं आणि काही वर्षांनी ‘बहिष्कृत भारत’ निघालं. ते नामांतर नाही, तो नवा पेपर. त्यांच्या नोंदी वेगळ्याच हव्यात. ‘जनता’चं मात्र नुसतं नाव बदललं, पेपर तोच राहिला. म्हणून मला वाटतं नोंद एकच असावी, पण कुठल्याही नावाने शोधलं तरी माणूस तिथेच पोचला पाहिजे.

हे काही जगावेगळं नाही. १८३८ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’ निघाला, १८६१ मध्ये त्याचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाला. आपण त्याला एकच पेपर मानतो. उलट बेळगावचा ‘तरुण भारत’ आणि नागपूरचा ‘तरुण भारत’ नावाने सारखे, पण पेपर दोन. तिथे नोंदी दोनच, आणि नावापुढे गाव लिहायलाच हवं.

आमच्या पेपरचा घोळ तर दुहेरी आहे. ‘प्रबुद्ध भारत’ नावाचं रामकृष्ण परंपरेतलं एक इंग्रजी मासिक १८९६ पासून निघतंय. समाजवाद्यांचं ‘जनता’ नावाचं इंग्रजी साप्ताहिक १९४६ मध्ये सुरू झालं. म्हणजे जुन्या नावालाही जुळं, नव्या नावालाही जुळं! नुसतं नाव लिहून भागत नाही. भाषा, गाव, साल आणि कोणी काढलं, हे सोबत पाहिजेच.

एवढा कीस कशाला काढायचा, असं वाटत असेल ना? सांगतो. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. हो, आमच्याच भंडाऱ्यातून. समजा उद्या एखाद्या मुलीला शोधायचंय, त्या वेळी बाबासाहेबांचा पेपर काय लिहीत होता? ती ‘प्रबुद्ध भारत’चे १९५४ चे अंक मागेल. तिला सांगतील, असे अंक नाहीतच. आणि ते खरंही असेल, कारण त्या साली पेपरचं नाव ‘जनता’ होतं. एका चुकीच्या नावामुळे आख्खा पुरावा नजरेआड होतो.

म्हणून दुसरा नियम: नोंदीचं शीर्षक कुठलंही असो, १९५४ ची घटना सांगताना ‘जनता’च लिहायचं, आणि फेब्रुवारी १९५६ नंतरची सांगताना ‘प्रबुद्ध भारत’. नामांतराची तारीख तर ठळक द्यायची, कारण ते नाव उगाच बदललेलं नाही. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पेपरच्या नव्या नावात पुढच्या पावलाची चाहूल आहे. जुनं नाव पुसलं, तर ही वाटचालच दिसणार नाही.

आता ती सीमा आठवा. १९५४ ची ती पोटनिवडणूक महाराष्ट्रात झाली असं लिहिलं, तर तेही चूक! तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बपेरा जागचं हललं नाही, पत्ता मात्र बदलत गेला. गावाचं हे आपल्याला लगेच पटतं. पेपरचंही तसंच आहे.

तुमच्या घरी जुना अंक असेल तर एक काम करा. वरचं नाव, तारीख आणि गाव दिसेल असा फोटो काढून ठेवा. नाव जसं छापलंय तसंच टिपा, आजचं नाव घालून ‘दुरुस्त’ करू नका.

मी आमच्या अंकाला नवं पाकीट केलंय. त्यावर लिहिलंय: ‘जनता, १९५४. पुढे प्रबुद्ध भारत.’ आजीने ते दोनदा वाचायला लावलं आणि मग पेटी बंद केली.

भेटूया पुढच्या भागात. जय भीम!