भार आणि त्याचे ठिकाण

काशीच्या संकठा घाटावर उभे राहिले की आजूबाजूला मराठी नावे भेटतात. एका बाजूस थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट, दुसऱ्या बाजूस लागूनच शिंद्यांचा घाट. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला हा शिंदे घाट आपल्याच भाराने खचला व पुढे पुन्हा बांधावा लागला. दगड किती वजनाचा, एवढेच विचारून भागत नाही. तो कोठे टेकला आहे, हेही पाहावे लागते. मानवी देहातील मेदाविषयी वैद्यकाला हेच शिकायला दीड शतकाहून अधिक काळ लागला.

बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३२ साली दाखविले की, प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याच गुणोत्तराला १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी ‘देहभारांक’ हे नाव दिले. माप सोपे, म्हणून ते सर्वत्र रूढ झाले. परंतु तराजूला स्नायू कोणता व चरबी कोणती हे कळत नाही. मार्सेयचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच बजावले होते की, मांड्या-नितंबांवरील मेदापेक्षा शरीराच्या वरच्या भागातील मेद अधिक घातक असतो. त्यांच्याकडे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मेद म्हणजे केवळ धान्याचे कोठार, ही समजूत १९९४ मध्ये मोडली. त्या वर्षी न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधले. ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप ते मेंदूला पोहोचविते. पाठोपाठ सापडले अ‍ॅडिपोनेक्टिन. हे रक्तवाहिन्यांचे रक्षण करते. पण पोटातील चरबी वाढली की याचे प्रमाण घटते. तीच चरबी यकृताकडे मेदाम्ले सोडते आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात मिसळते. हृदयाच्या धमन्या अशा रीतीने हळूहळू बिघडतात.

या कथेतील महत्त्वाचे प्रकरण पुण्यात लिहिले गेले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. मात्र पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीत गर्भ स्नायूंची काटकसर करतो, असे अनुमान यातून निघाले. २००४ साली याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपलीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा देहभारांक एकच, २२.३, पण देहातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिक यांचा २१.२ टक्के!

तेव्हा ‘मी तर सडपातळ आहे’ हा आपल्याकडचा दिलासा पुरेसा नाही. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर सांगितली आहे. आपल्या घरांत लहानपणी कमरेला करदोडा बांधीत. तो आवळू लागला की आई लगेच सैल करी. मोठेपणी तो सैल करण्याआधी क्षणभर थांबून विचार करावा, एवढेच हा इतिहास सांगतो.