लढाऊ तुकडीत महिला : फिटनेसचा निकष एकच की वेगळा?

महिला आघाडीवर लढू शकतात का, यावर सोशल मीडियावर नेहमी वाद रंगतो. अमेरिकेच्या लष्करात मात्र खरा वाद फिटनेस टेस्टवरून झाला.

परवानगी कधी मिळाली?
डिसेंबर 2015 मध्ये सगळी लढाऊ पदं महिलांसाठी खुली झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या खडतर रेंजर स्कूल पास होणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या होत्या.

मग घोळ कुठे झाला?
लष्कराने आधी सगळ्यांसाठी एकच निकष असलेली टेस्ट आणली. त्यात पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त महिला नापास झाल्या. म्हणून 2022 मध्ये वय आणि लिंगानुसार वेगळे निकष आले. अशा सवलतीला ग्रीस्ट यांनीच 2021 मध्ये विरोध केला होता. लढाऊ तुकडीत सवलत दिली, तर सहकाऱ्यांचा महिलांवरचा विश्वास कमी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता नियम काय?
जून 2025 पासून नवी टेस्ट आहे. डेडलिफ्ट, पुश-अप, वजन ओढत-उचलत धावणं, प्लँक आणि दोन मैल धावणं असे पाच प्रकार. 21 लढाऊ कामांसाठी महिला-पुरुषांना एकच निकष, 500 पैकी किमान 350 गुण. इतर कामांसाठी 300 पुरेसे, आणि तिथे लिंगानुसार गुणांचा तक्ता वेगळा.

थोडक्यात काय?
इतर कामांत ही टेस्ट फक्त तब्येत तपासते, तिथे वेगळा तक्ता चालतो. पण जखमी साथीदाराला उचलायचं असेल, तर उचलणारं कोण आहे यावरून त्याचं वजन बदलत नाही.