बुबुळावरील ओरखडा

माघ-फाल्गुनांत रब्बीची ज्वारी खळ्यावर आली, कीं हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव-कळमनुरीच्या शिवारांत वाऱ्याबरोबर भुसकट उडूं लागतें. पूर्वीं बैलांची पात धरून मळणी होत असे; मग उपणणारा तिवईवर उभा राहून धान्य वाऱ्यावर धरी, आणि कुसळ त्याच्या डोळ्यांत जाई. आतां मळणीयंत्र आलें. कुसळ मात्र पूर्वींपेक्षां वेगानें येतें. मग कोणी फुंकर घालतो, कोणी पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनें ऊन करून शेकतो, एखादी वृद्धा जिभेच्या टोंकानें कुसळ टिपून काढते. कुसळ निघतें, ओरखडा राहतो.

हा ओरखडा ज्यावर पडतो तें पारपटल म्हणजे बुबुळावरील घड्याळाच्या कांचेसारखा पारदर्शक पडदा. त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिनी नाहीं, पण ज्ञानतंतू इतके दाट, कीं धुळीचा कणही सुईसारखा टोंचतो. वरचा पेशींचा नाजुक थर सोलला गेला, कीं आंतील भाग उघडा पडतो.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोग ७६ मानले असून काळ्या मंडळाचे रोग चार सांगितले आहेत. त्यांतील ‘सव्रण शुक्र’ म्हणजे सुईनें टोंचल्यासारखा दिसणारा, आंत खोल गेलेला व्रण. त्यांतून ऊन स्राव वाहतो व तीव्र ठणका लागतो. दृष्टीच्या जवळ नसलेला आणि खोल न गेलेला व्रण तेवढा बरा होण्याची आशा सुश्रुत धरतो. आपल्याकडे ‘डोळ्यांत फूल पडलें’ असें म्हणतात, तें बहुधा अशाच व्रणाचें मागें राहिलेलें पांढरें वण होय. फुलासारखें सुंदर नांव इतक्या दुःखद वस्तूला कोणी दिलें असेल, याचें नवल वाटतें.

परंतु ओरखड्याची दुसरी एक खोड आहे, आणि ती ओळखावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. डोळा बरा होऊन दोन-चार महिने लोटतात. एके पहाटे मनुष्य जागा होतो, पापणी उघडतो, आणि जणूं कुसळ आतांच गेलें अशी कळ उठते. घरांतील मंडळी दृष्ट काढतात. हानसेन नांवाच्या नेत्रवैद्यानें १८७२ सालीं या विकाराचें वर्णन केलें. १८७४ मध्यें व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन आर्ल्ट यांनींही तो नोंदविला. तान्ह्या मुलाचें नख आईच्या डोळ्याला लागावें आणि तीच जखम पुनःपुन्हां उघडावी, असा हा प्रकार. याचें कारण पुढें उलगडलें. सोललेला थर दोन-तीन दिवसांत भरून येतो, पण खालच्या पायाला घट्ट धरण्यास त्याला कित्येक आठवडे, कधीं महिनेही लागतात. झोंपेंत डोळा कोरडा पडतो, पापणी चिकटते, आणि ओलसर भिंतीवरील चुन्याचा पोपडा निघावा तसा नवा थर उघडतांना निघून येतो. रात्रीं वंगण-मलम, तीव्र मिठाचे थेंब, संरक्षक भिंग, आणि तरीही न थांबल्यास १९८६ पासून प्रचारांत आलेलें सूक्ष्म सुईनें पटल टोंचण्याचें तंत्र किंवा लेझर, असे यावरचे उपाय आहेत.

खळ्यावरच्या माणसाला मात्र याहून मोठें भय आहे तें बुरशीचें. जर्मनींत गॉटिंगेन येथें थिओडोर लेबर यांनीं १८७९ मध्यें पारपटलांतील बुरशीचा पहिला रोगी नोंदविला. तो होता मळणी करतांना ओटचें तूस डोळ्याला लागलेला ५४ वर्षांचा शेतकरी! मुलूख निराळा, पीक निराळें, पण खळें तेंच. शिवाय डोळा लाल झाला म्हणून दुकानांतून मागून घेतलेले स्टेरॉइडचे थेंब लाली घालवितात आणि बुरशीला मोकळें रान देतात. बुरशीवरील नॅटामायसिन हें औषध १९५० नंतरच्या दशकांत आफ्रिकेच्या नाताळ प्रांतांतील मातींत सांपडलें.

हिंगोलीला हीं साधनें उशिरांच लाभलीं. मराठवाड्यांतील पहिलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हांच्या औरंगाबाद येथें १९५६ मध्यें निघालें; हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. तथापि मोठ्या रुग्णालयावांचूनही पुष्कळ साधतें, हें नेपाळांतील भक्तपूरनें दाखविलें. तेथील सुमारे ३५ हजार वस्तींत गांवोगांवच्या कार्यकर्त्यांना फ्लुओरेसीन हा रंग डोळ्यांत सोडून निळ्या प्रकाशांत ओरखडा हिरवा चमकतो कीं नाहीं, एवढें पाहावयास शिकविलें. ओरखडा दिसला, कीं एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचें मलम दिवसांतून तीन वेळां, तीन दिवस. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें ४४२ ओरखड्यांपैकीं ४२४ व्रण न होतां भरून आले. आणि ज्यांचा उपचार १८ तासांच्या आंत सुरू झाला, त्यांपैकीं एकालाही व्रण झाला नाहीं.

हिंगोलीच्या शेतकऱ्याचे हे १८ तास बहुधा खळ्यावरच जातात. मळणीयंत्र भाड्याचें असतें, आभाळ भरून येण्याची धास्ती असते, आणि रास घरीं पोहोंचल्यावांचून तो डोळा पुसण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं.