तोबऱ्यातला मका

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि विड्याचे पान का सडले, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे : न फिरविल्यामुळे. हे कोडे गमतीचे खरे. परंतु घोडा, भाकरी आणि सड या तिघांना इतिहासानेही एकत्र गुंफले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. तो इतिहास मक्याचा आहे. घोड्याच्या तोबऱ्यात पडलेल्या दाण्यापासून तो सुरू होतो आणि गरिबाच्या ताटातील भाकरीपर्यंत येऊन पोहोचतो. पशूंच्या चाऱ्याचा विषय आपल्या त्रैमासिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी शेवटपर्यंत सोबत करावी, एवढीच विनंती.

घोड्याच्या चंदीचा इतिहास फार जुना आहे. शलमोन राजाच्या घोड्यांसाठी जव आणि पेंढा पुरविला जात असे, अशी नोंद जुन्या करारातील राजांच्या पहिल्या ग्रंथात आहे. पश्चिम आशियात जव, थंड युरोपात ओट आणि आपल्या देशात हरभरा व कुळीथ, अशी चंदीची वाटणी शतकानुशतके चालत आली. कुळथाला इंग्रजीत 'हॉर्स ग्राम' हे नाव पडले, ते याच उपयोगामुळे. मका मात्र या यादीत कोठेच नव्हता. कारण ज्या भूमीत मका होता, तेथे घोडा नव्हता.

मक्याची जन्मभूमी मेक्सिको. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी एका रानगवतातून हे धान्य घडविले. घोड्यांचे पूर्वज अमेरिका खंडातच निपजले होते. परंतु सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथील घोडे नामशेष झाले. म्हणजे ज्यांनी मका घडविला, त्यांनी तो कधी घोड्याला चारला नाही. कोलंबसाने १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत घोडे जहाजांवर चढविले आणि कॅरिबियन बेटांवर उतरविले. १५१९ साली कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. जुन्या जगाचा पशू आणि नव्या जगाचे धान्य यांची ही पहिली गाठ होती.

पुढे उत्तर अमेरिकेच्या सपाट मैदानांत ही जोडी घट्ट जमली. शेत नांगरायचे घोड्यांनी, त्यात पिकवायचा मका आणि त्याच मक्यातून घोड्यांची चंदी काढायची, असे चक्र सुरू झाले. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातील प्रत्येक घोड्यासाठी रोज १४ पौंड वाळलेले गवत आणि १२ पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेसहा किलो गवत व साडेपाच किलो धान्य ठरवून दिलेले होते. हे धान्य ओट, जव किंवा मका असे. १९१५च्या सुमारास अमेरिकेतील घोड्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली होती. आज ट्रॅक्टर जे काम डिझेलवर करतो, ते त्या काळी बऱ्याच अंशी मक्याच्या दाण्यावर चालत असे.

मका हे घोड्याला मानवणारे धान्य आहे का? या प्रश्नाचे उत्तर मोजमापावर अवलंबून आहे. मक्यात पिष्ट भरपूर आणि तंतू अत्यल्प. ओटला जाड साल असते, मक्याला ती नसते. त्यामुळे एक डबा ओटऐवजी तोच डबा मक्याने भरून दिला, तर घोड्याच्या पोटात जवळजवळ दुप्पट शक्ती जाते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते आणि त्याला ओकारी काढता येत नाही. लहान आतड्यात न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते आणि आम्ल तयार होते. त्यातून पोटशूळ उठतो आणि कधीकधी खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा कायमचा पांगळा होतो. मका 'गरम' आहे, असा समज पाश्चात्त्य देशांतील जुन्या मोतद्दारांत होता. त्या समजुतीमागे बहुधा डब्याने मोजण्याची ही चूकच असावी. चंदी डब्याने न मोजता वजनाने मोजावी, थोडीथोडी विभागून द्यावी आणि गवताला मुख्य आहार मानावे, हा धडा अश्वपालकांनी पुष्कळ घोडे गमावून घेतला.

परंतु एक आजार असा होता, की तो मोजमापाने आवरत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या मका पिकविणाऱ्या भागांतून त्याच्या वार्ता येऊ लागल्या. धडधाकट घोडा चंदीवरून तोंड फिरवी. मग तो एकाच दिशेने गोल गोल फिरू लागे, भिंतीवर कपाळ दाबून उभा राही, डोळे उघडे असून त्याला दिसेनासे होई आणि काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत तो कोसळे. शेतकरी या आजाराला 'ब्लाइंड स्टॅगर्स', म्हणजे आंधळ्याचे झोकांडणे, म्हणत. मेलेल्या घोड्याचे डोके उघडून पाहिले असता मेंदूचा पांढरा भाग जागोजागी विरघळून पाण्यासारखा झालेला आढळे.

१८९१ साली कॅन्ससच्या कृषी प्रयोगकेंद्रातील मेयो यांनी बुरशी लागलेल्या मक्याकडे बोट दाखविले. १९०२ साली बटलर यांनी एका घोड्याला मुद्दाम बुरशीचा मका चारून तोच आजार घडवून दाखविला. १९०४ साली नेब्रास्कात शेल्डन यांनी अशाच मक्यावरील एका बुरशीचे वर्णन करून तिला 'फ्युजेरियम मोनिलिफॉर्मे' हे नाव दिले. एवढे होऊनही गोंधळ संपला नाही. कारण घोड्याच्या मेंदूला ग्रासणारे आणखीही रोग होते. १९१२ साली कॅन्सस आणि नेब्रास्कात हजारो घोडे मेले, तेव्हा अनेकांनी चाऱ्यालाच दोष दिला. पुढे १९३० साली कॅलिफोर्नियात घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू हाती लागला आणि जुन्या साथींपैकी काहींचा दोष मक्याकडून डासांनी पसरणाऱ्या त्या विषाणूकडे सरकला. तरी मका निर्दोष ठरला नाही. १९३४-३५च्या हिवाळ्यात, मंदीने आणि अवर्षणाने शेतकरी आधीच खचलेला असताना, इलिनॉय आणि आसपासच्या प्रदेशात बुरशीच्या मक्याने सुमारे पाच हजार घोडे मेले.

येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. बुरशी लागलेला मका घोड्याच्या तोबऱ्यात का पडत होता? शेतकरी क्रूर होता म्हणून नव्हे. घोडा हे त्याचे भांडवल होते, त्याचा सोबती होता. पण धान्य टाकून देण्यास मन धजावत नाही. चांगला मका बाजारात जाई, मध्यम मका घरी राही आणि काळवंडलेली, किडकी कणसे जनावरांच्या वाट्याला येत. आपल्याकडेही पोत्याच्या तळाचे वास येणारे धान्य कोंबड्यांपुढे किंवा म्हशीपुढे टाकताना आपण यापेक्षा वेगळा विचार करीत नाही. माणसाला नको ते पशूला चालेल, हे गृहीतच त्या घोड्यांच्या मरणामागे होते.

मक्यावरील तीच बुरशी या मरणास कारण आहे, हे १९७१ साली विल्सन आणि मारोनपॉट यांनी सिद्ध केले. इजिप्तमधील ज्या मक्याने जनावरे दगावली होती, त्यावरून त्यांनी ही बुरशी वेगळी काढली, स्वच्छ मक्यावर वाढविली आणि तो मका गाढवांना चारून रोग घडविला. तरीही बुरशीतील नेमके विष कोणते, हे गूढ आणखी सतरा वर्षे टिकले. ते उकलले दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही घोड्यांसाठी चाललेल्या शोधातून नव्हे. ट्रान्सकाय भागातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण भयावह होते आणि त्यांचे रोजचे अन्न मका हेच होते. मारासस, गेल्डरब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मक्यावरच्या बुरशीतून १९८८ साली एक विष वेगळे केले व त्याला 'फ्युमोनिसिन' हे नाव दिले. ते शुद्ध विष घोड्याला टोचताच मेंदू विरघळण्याचा तोच जुना आजार दिसू लागला. शतकभर घोड्यांना मारणारे विष आणि माणसांच्या घरात शिजणाऱ्या मक्यातील विष एकच होते. पुढच्याच वर्षी, १९८९-९०मध्ये, अमेरिकेच्या अनेक राज्यांत घोडे आणि डुकरे या विषाने दगावली.

घोड्यावर त्याचा आघात सर्वांत तीव्र होतो; परंतु पेशींच्या आवरणास लागणारे काही स्निग्ध पदार्थ तयार होण्यातच हे विष अडथळा आणते, आणि ते पदार्थ माणसालाही लागतात. १९९०-९१ साली टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरील कॅमेरॉन परगण्यात मेंदूची वाढ न झालेली बालके एकापाठोपाठ एक जन्मली. ही कुटुंबे बहुतांशी मेक्सिकन वंशाची होती आणि मक्याची तोर्तिया ही त्यांची रोजची भाकरी. पुढील संशोधनात, २००६ साली, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतील तोर्तियांचे सेवन आणि या व्यंगाचा धोका यांत संबंध आढळला. हे विष गर्भाला लागणारे फोलेट पेशींत शिरू देत नाही, असे प्रयोगांतून दिसले आहे. ते एकमेव कारण होते, असे कोणी म्हणत नाही. पण कित्येक मातांचे पाळणे रिकामे राहिले, हे सत्य उरतेच.

आपला देशही या इतिहासाबाहेर नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत दोनशेहून अधिक गावांतील आदिवासी कुटुंबांत कावीळ व जलोदराची साथ पसरली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर दुसऱ्या एका बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष वाढले होते. त्या घरांतील कुत्री तेच अन्न खात आणि तशीच आजारी पडून मरत होती. त्यांच्याकडे वेळीच पाहणारे कोणी नव्हते. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील २७ गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या लोकांना पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. शोध घेता त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडले. जेथे भिजलेल्या धान्याची भाकरी खाल्ली गेली, त्याच घरांत आजार होता. चांगले धान्य घरात असते, तर ते धान्य कोणी खाल्ले असते?

आता या घटनांची साखळी मनाशी जुळवून पाहावी. चांगले धान्य बाजारात, वाईट धान्य पशूला, आणि पशूनंतरच्या पायरीवर गरीब माणूस. पशू प्रथम मरतो आणि आपल्या मरणाने इशारा देतो. तो ऐकला नाही, तर पुढचा बळी माणसाचा असतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकाने नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे, ती तो आपल्या पशूच्या जिवाची कशी कदर करतो यावरून. आपण तिला दयेची शिकवण समजतो. मला वाटते, तीत दयेइतकाच शहाणपणाही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीतील सर्व काही परस्परांशी जोडलेले असल्याचे पुनःपुन्हा बजावले, त्याचा याहून साधा दाखला शोधूनही मिळणार नाही.

आज अमेरिकेत घोड्याच्या चंदीतील मक्यासाठी या विषाची मर्यादा ठरलेली आहे. २००१ सालच्या सरकारी मार्गदर्शनानुसार घोड्याला द्यावयाच्या मक्यात ते दहा लाख भागांत पाच भागांहून अधिक नसावे आणि असा मका एकूण आहाराच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावा. तेथे चंदीच्या कारखान्यांत दाणे तपासले जातात. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, त्यांनी काय करावे? भाजल्याने वा शिजविल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. परंतु ट्रान्सकायच्याच भागात पुढे असे आढळले, की किडके, फुटके, रंग पालटलेले दाणे हाताने निवडून टाकले आणि उरलेले धान्य धुऊन घेतले, तर विषाचे प्रमाण फार मोठ्या अंशाने उतरते. आपल्या आया-बहिणी सूप घेऊन ओटीवर बसत आणि दाणा-दाणा निवडत, ते काम याच जातीचे होते. त्या कामाला आपण कधी विद्या म्हटले नाही. आता तरी म्हणावे.

निवडून काढलेले ते दाणे मात्र कोंबडीपुढे, म्हशीपुढे किंवा दारी आलेल्या भुकेल्यापुढे जाऊ नयेत. ते जमिनीत पुरावेत. आणि धान्य अंगणात वाळत घातले, की ते दिवसातून चार वेळा हाताने फिरवावे, म्हणजे तळाचा ओलावा वर येतो आणि बुरशीला जागा राहत नाही. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्हींचे उत्तर आजीने आपल्याला देऊन ठेवलेले आहे. धान्याचेही उत्तर तेच आहे.